गाडीची चेन मालकानंच बघायची असते

नमस्कार मंडळी. विषय जाहीर झालाय ‘बाईकचं सर्व्हिसिंग, घरी की शोरूमला’, आणि खर्चाचा हिशोब मांडीन असं मी संयोजकांना कबूल केलंय, तो मांडणारच आहे. पण आधी एक विचारतो. बाहेर गेटपासून कोपऱ्यापर्यंत गाड्या लागल्यायत, त्यातल्या किती जणांनी गाडीबरोबर मिळालेलं ते छोटं पुस्तक उघडून बघितलंय? हात वर करा. चार... पाच... मागे काकूंचा हात वर आहे, काकूंसाठी टाळ्या झाल्या पाहिजेत! बाकीच्यांचं पुस्तक घरी कपाटात असणार, टीव्हीच्या वॉरंटी कार्डाखाली. त्या पुस्तकात एक तक्ता असतो, किती किलोमीटरला काय तपासायचं, काय साफ करायचं, काय बदलायचं. सर्व्हिसिंग म्हणजे तो तक्ता. डीलरकडचा मेकॅनिकही त्याच तक्त्याप्रमाणे काम करतो, आणि त्यातलं निम्मं काम निव्वळ बघण्याचं आहे. बघायला वेळ लागतो, तो मालकाकडे असतो, मेकॅनिककडे नसतो. माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं.

आता चेनचं सांगतो, हे माझ्या मनात बरेच दिवस साचलंय. पावसाळ्याच्या तोंडावर मी माझी १२५ सीसीची गाडी एका ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरला दिली, संध्याकाळी धुऊन-पुसून चकाचक परत मिळाली, आणि घरी येताना तिसऱ्या गिअरपासून ‘ऊंऽऽ’ असा आवाज. फोन केला तर सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, सर नवीन ऑईल टाकलंय, सेट होईल. मी गाडी मेन स्टँडवर लावली. चेनकव्हरला खाली रबरी बूच असतं बघा, ते काढलं की आत बोटानं चेन वर-खाली करून बघता येते. पुस्तकात लिहिलंय २५ ते ३० मिलिमीटर हलली पाहिजे. माझी चेन तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली, पाच मिलिमीटरसुद्धा हलेना. मग मागच्या चाकाजवळ वाकून बघितलं, तिथं स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर, दोन्ही बाजूंना रेघा मारलेल्या असतात, चेन ताणायचा ॲडजस्टर दोन्हीकडे सारख्याच रेघेवर पाहिजे. डावीकडचा तिसऱ्या रेघेवर, उजवीकडचा चौथ्याच्या पुढे. म्हणजे चाकच तिरकं बसवलेलं! आणि बिलात ‘चेन ॲडजस्टमेंट अँड ल्यूब’ अशी वेगळी ओळ, तिचे वेगळे पैसे.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. तिथल्या पोरानं जे उत्तर दिलं ते मी विसरणार नाही. म्हणाला, सर, चेन थोडी ढिली असली की कव्हरला लागून आवाज करते, कस्टमर लगेच तक्रार करतात, म्हणून आम्ही सगळ्यांच्याच टाइट करतो. विचार करा. ढिल्या चेनचा खडखडाट गिऱ्हाइकाला लगेच ऐकू येतो, टाइट चेननं होणारं नुकसान कितीतरी महिन्यांनी दिसतं आणि तोपर्यंत कुणाला आठवतंय कुणी टाइट केली होती. त्या पोरावर माझा राग नाही, त्याच्यामागे रांगेत गाड्या उभ्या असतात आणि सहाच्या आत सगळ्यांची डिलिव्हरी द्यायची असते. राग आहे तो काम न बघता बिल लावण्याच्या पद्धतीवर.

आणि नुकसान काय होतं तेही सांगतो, कारण हे कळलं की तुम्ही आयुष्यात चेन टाइट करून घेणार नाही. चेन ज्या दातेरी चक्रांवर फिरते त्यांना स्प्रॉकेट म्हणतात, पुढचं इंजिनला आहे, मागचं चाकाला. चाक ज्या स्विंगआर्मवर वर-खाली होतं, त्याची बिजागरी पुढच्या स्प्रॉकेटच्या थोडी मागे आहे. त्यामुळे गाडीवर वजन आलं, मागे कुणी बसलं, शॉकॲब्सॉर्बर दबला, की दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर वाढतं. पुढचं स्प्रॉकेट, ती बिजागरी आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की ते अंतर सगळ्यात जास्त असतं. चेनमधली ढील ठेवलेली असते ती या वाढणाऱ्या अंतरासाठी. ती नसली तर प्रत्येक खड्ड्याला चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टला मागे खेचते, तिथलं बेअरिंग खराब होतं, आणि ते बदलायचं तर बहुतेक गाड्यांचं इंजिन उतरवून पूर्ण उघडावं लागतं. आपल्याकडच्या रस्त्यांवर हे धक्के दिवसाला किती बसतात ते तुम्हाला माहितीय. तर घरी बघताना चाक हातानं फिरवत तीन-चार ठिकाणी बघायचं, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, सगळ्यात टाइट जागी माप घ्यायचं. आणि हे नीट ऐका, इंजिन बंद पाहिजे. गाडी चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत चेनला फडकं लावणारे लोक मी बघितलेत, त्यात बोटं जातात, अक्षरशः तुटतात.

धुण्याचं पण जाता जाता सांगून टाकतो. प्रेशरचं पाणी थेट चाकाच्या मध्यभागी किंवा चेनवर मारू देऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं आणि पाणी शिरतं. कोकणातून येणाऱ्यांच्या चेनवर लाल मातीचा लेप असतो, तो रॉकेलनं किंवा डिझेलनं ब्रशनं काढायचा, ओ-रिंगवाली, म्हणजे कड्यांत रबरी रिंग असलेली चेन असेल तर पेट्रोल अजिबात नको, रबर खराब होतं. वाळली की स्प्रे नाहीतर ९० नंबरचं गिअर ऑईल, चेनच्या आतल्या बाजूनं, थोडंच. ५०० किलोमीटरला एकदा, पावसाळ्यात त्याच्याही आधी.

ऑईलबद्दल एकच. पुण्यातले असाल तर नाना पेठेत स्पेअर पार्टच्या बाजारात जाता, दुकानदार म्हणतो हे घ्या, कारमध्ये पण हेच टाकतात, एकदम भारी. घेऊ नका. आपल्या मोटरसायकलचा क्लच इंजिनच्याच ऑईलमध्ये बुडलेला असतो, कारच्या बऱ्याच ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यानं क्लच घसरायला लागतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलंय का बघायचं, जासो म्हणजे ऑईलचा जपानी दर्जा. एमबी लिहिलेलं गिअरलेस स्कूटरसाठी असतं. ग्रेड, म्हणजे ऑईलचा दाटपणा, पुस्तकात असेल तोच, १०डब्ल्यू३० तर १०डब्ल्यू३०.

...चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत म्हणे. आणि हिशोब तर अजून सुरूच व्हायचाय! भराभर सांगतो.

गाडी वॉरंटीत असेल तर फ्री सर्व्हिस ऑथोराइज्ड सेंटरलाच करा, वेळेवर करा, पुस्तकात शिक्का घ्या. नाहीतर पुढे क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे करतील. फ्री म्हणजे लेबर फ्री, ऑईलचे पैसे लागतातच, आणि पॉलिश, इंजिन फ्लश असलं जॉबकार्डवर आपोआप चढतं, सही करण्याआधी वाचा आणि नको ते खोडायला लावा. चेन आणि हवा मात्र या काळातही घरीच बघा.

वॉरंटी संपली की १००-१२५ सीसीच्या गाडीचा हिशोब असा. पेड सर्व्हिसला लेबर साधारण ४०० ते ६००, त्यावर १८ टक्के जीएसटी, ऑईल ४०० च्या आसपास, वर किरकोळ. घरी ऑईलचा डबा, ड्रेन बोल्टचा वॉशर, झालं. एका सर्व्हिसमागे ५००-७०० वाचतात. रिंग पाने, प्लगपाना, हवेचा गेज आणि जमलं तर छोटा टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानंच आवळणारा पाना, हे दीड-दोन हजारात येतं, वर्ष-दीड वर्षात वसूल. ड्रेन बोल्ट जोर लावून आवळायचा नाही, इंजिनचं ॲल्युमिनियम मऊ असतं, आटे गेले की खर्च वाढला. आणि काळं ऑईल गटारात ओतायचं नाही, डब्यात भरून गॅरेजला द्या, त्यांच्याकडून ते गोळा करणारे असतात.

घरी काय करायचं: ऑईल, चेन, हवा, एअर फिल्टर, प्लग, क्लचचा फ्री प्ले, म्हणजे लिव्हरची ढील. काय करायचं नाही: १ एप्रिल २०२० पासून बीएस६ हा प्रदूषणाचा नियम आला, बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आहे, पूर्वीसारखा कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून ट्यूनिंग होत नाही, चेक इंजिनचा दिवा लागला तर स्कॅनरवाल्याकडे जा. डिस्क ब्रेकचं ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं, साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं, एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर ते काम डीलरकडेच द्या. स्टिअरिंगचा कोनसेट म्हणजे हँडलखालचं बेअरिंग, इंजिनच्या व्हॉल्व्हचा क्लिअरन्स, हे शिकल्याशिवाय नको.

मघाशी त्या ताईंनी विचारलं होतं, मुलीला जमेल का. ताई, मागच्या ॲक्सलचा नट सोडायला लांब दांड्याचा पाना घ्या, बाकी कशालाच ताकद लागत नाही. उद्या रविवार आहे, सकाळी नऊ वाजता मी पाने घेऊन इथेच मागच्या पटांगणात येतोय. गाडी आणि ते पुस्तक दोन्ही घेऊन या, आपण प्रत्येकाची चेन मोजू.