ध्रुवावरच्या रात्रीतला फुगा

श्रोतेहो, नमस्कार.

माझा आवाज तुमच्यापर्यंत आणणाऱ्या या रेडिओचं एक चिमुकलं भावंड आहे. त्याचं नाव रेडिओसाँड. हवामानखात्याच्या फुग्याखाली दोरीला लटकणारी ही हलकी डबी. वर जाता जाता ती तापमान आणि आर्द्रता मोजते आणि खाली कळवत राहते. वाऱ्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. फुगा कुठे वाहवत गेला ते जीपीएसवरून समजलं, की वाराही समजला!

जगभर शेकडो केंद्रांवरून असे फुगे रोज ठरल्या वेळी सुटतात, मिनिटाला साधारण 300 मीटर चढतात. वर हवेचा दाब घटतो तसा फुगा फुगत जातो आणि 30 किलोमीटरच्या आसपास फुटतो. तो फुटला की त्याचं काम झालं.

दक्षिण ध्रुवावर मात्र एवढं सरळ नाही. तिथल्या अमुंडसेन-स्कॉट केंद्रावर मार्चमध्ये मावळलेला सूर्य थेट सप्टेंबरात दिसतो. त्या रात्रीत वरच्या थरांत तापमान उणे 80 अंशांच्याही खाली जातं. रबराचा ताण देण्याचा गुणच तिथे संपतो आणि फुगा हव्या त्या उंचीआधीच फुटतो. म्हणून हिवाळ्यात तिथे पातळ प्लास्टिकचे मोठाले फुगे वापरतात. प्लास्टिक ताणत नाही, तेव्हा फुगा आधीच मोठा करून ठेवायचा आणि भरायचा मात्र थोडासाच. जमिनीवरून सुटताना तो चक्क चिंधीसारखा लोंबत असतो.

एवढा खटाटोप मुख्यतः ओझोनसाठी. अंटार्क्टिकावर ओझोन घटतोय, हे 1985 मध्ये हॅली केंद्रावरच्या नोंदींतून जाहीर झालं. पण ते मोजमाप जमिनीवरून केलेलं. त्यातून डोक्यावरच्या सगळ्या ओझोनची बेरीज मिळते, तो नेमका कुठे कमी झाला ते कळत नाही. फुगा त्या थरांतूनच जातो. त्याच्याखालच्या पेटीत छोटा पंप असतो. तो बाहेरची हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात सोडतो. ओझोन असेल तर द्रावणात वीज वाहते. जितका ओझोन, तितकी जास्त. हे द्रावण गोठू नये म्हणून पेटी फोमची.

ध्रुवावर 1986 पासून अशा नोंदी होत आहेत. ओझोनच्या थराला खोल छिद्र पडलेल्या ऑक्टोबरातला आलेख, म्हणजे उंची उभी आणि ओझोन आडवा मांडलेला, पाहिला, तर 14 किलोमीटरपर्यंत थोडाफार ओझोन दिसतो. मग पुढचे पाच-सहा किलोमीटर रेघ शून्यापाशी रेंगाळते आणि त्यानंतर पुन्हा उजवीकडे वळते.