शर्ली चिझम आणि त्यांच्या मागून आलेल्या बायका

१९६८. न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन. कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून लाउडस्पीकर लावलेला एक ट्रक फिरतोय. माइक एका सडपातळ बाईंच्या हातात आहे. लढणारी शर्ली चिझम आली आहे, असं त्या स्वतःच गल्लीगल्लीत सांगतायत.

मला कुणी विकत घेतलेलं नाही, माझ्यावर कुणाची हुकमत चालत नाही, ही अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, निवडणुकीतली त्यांची प्रचाराची घोषणा. समोर उभे होते जेम्स फार्मर, नागरी हक्क चळवळीतलं मोठं नाव. वॉशिंग्टनला पुरुषाचाच आवाज हवा, असा फार्मर यांच्या प्रचाराचा सूर. पण इथल्या मतदारयादीत बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या, हे शर्लींनी हेरलं होतं. त्या जिंकल्या. अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

वडील गयानातून आलेले कारखान्यातले कामगार, आई बार्बाडोसची, शिवणकाम करणारी. शर्ली स्वतः बालवाडीच्या शिक्षिका. राजकारणात कृष्णवर्णीय असण्यापेक्षा बाई असण्याचाच आपल्याला जास्त जाच झाला, असं त्या उघड म्हणत. काँग्रेसमधल्या आपल्या कार्यालयात त्यांनी बायकाच नेमल्या, त्यातल्या निम्म्या कृष्णवर्णीय.

१९७२ साली त्या डेमोक्रॅटिक पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरल्या. कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी आणि स्त्रीवादी नेत्यांनीही पूर्ण साथ दिली नाही, आणि हे त्यांना फार लागलं. तरी उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनात त्यांना १५२ मतं पडली.

त्याच शर्यतीत अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस होते, वंशभेदाचे कट्टर समर्थक. मे महिन्यात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. शर्ली त्यांना भेटायला इस्पितळात गेल्या. शर्लींचीच माणसं चिडली. पण ज्याने आपल्याला माणूस मानलं नाही, त्याच्या उशाशी जाऊन बसायला फार मोठं काळीज लागतं. पुढे घरकाम करणाऱ्या बायकांना किमान वेतनाच्या कायद्यात आणण्यासाठी शर्ली झगडत होत्या, तेव्हा याच वॉलेस यांनी दक्षिणेतल्या खासदारांची मतं त्यांच्या बाजूला वळवली. १९७४ साली तो हक्क कायद्यात आला. घरकामात कृष्णवर्णीय बायका मोठ्या संख्येने होत्या, म्हणून मला ही शर्लींची सर्वांत मोठी कमाई वाटते.

१९७२च्या प्रचारात कॅलिफोर्नियातली एक विद्यार्थिनी त्यांना भेटली. दोन मुलांची एकटी आई, सरकारी मदतीवर शिकणारी. तिने मतदार म्हणून नावही नोंदवलं नव्हतं. आधी नाव नोंदव, शर्लींनी तिला बजावलं. तिने नोंदवलं, आणि त्यांच्या प्रचारालाही लागली. तिचं नाव बार्बरा ली.

१९८३ साली शर्लींनी काँग्रेस सोडली. पुढच्याच वर्षी कृष्णवर्णीय स्त्रियांना राजकारणात आणण्यासाठी राष्ट्रीय संघटना उभी करण्यात त्या पुढे होत्या.

बार्बरा ली १९९८ साली काँग्रेसवर निवडून आल्या. सप्टेंबर २००१ मध्ये राष्ट्राध्यक्षांना लष्करी कारवाईची मोकळीक देणारा ठराव आला, तेव्हा काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात बाजूने ४२० मतं पडली. विरोधातलं एकमेव मत बार्बरा ली यांचं होतं.