पटावरच्या मुली: स्वीडन आणि पोर्तुगाल

[दृश्य: स्वीडनमधल्या चर्चची जुनी नोंदवही, नावांपुढच्या खुणा]

मुलींची शाळा कुठे आधी भरली, याचा माग काढायचा तर स्वीडनमध्ये आधी चर्चच्या नोंदवह्या उघडाव्या लागतात. १६८६च्या चर्च कायद्यानं ठरवलं, धर्माची शिकवण प्रत्येकानं स्वतः वाचायला शिकायची. शेतावरच्या गड्यानं आणि मोलकरणीनंसुद्धा. चर्चचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, वाड्यावस्त्यांवर जाऊन परीक्षा घ्यायचा, आणि ज्याला ही शिकवण येत नसे त्याचं लग्नही अडायचं. मुलांना अक्षरओळख करून द्यायची ती बहुतेक घरीच, बऱ्याचदा आईनं. साहजिकच आईला वाचता येणं ही घराची गरज झाली. लिहिण्याकडे मात्र कुणी फारसं बघितलं नाही. वाचू शकणाऱ्या कितीतरी बायकांना लिहिता येत नव्हतं.

पुढे १८४२ साली प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, शाळा हवी असा कायदा झाला. त्यात मुलगेही होते, मुलीही. आणि हा देश तेव्हा श्रीमंत मुळीच नव्हता. १८६७ ते १८६९ या काळात तिथं दुष्काळ पडला, माणसं जहाजं भरून अमेरिकेला गेली.

[दृश्य: पोर्तुगालमधलं डोंगराळ गाव, दगडी शाळा]

पोर्तुगालमध्येही सक्तीच्या शिक्षणाचा कायदा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच झाला होता. तरी १९११च्या जनगणनेत सुमारे तीन चतुर्थांश लोक निरक्षर निघाले. मुलगी शाळेत आली का, हे विचारायला तिच्या दारात कुणी गेलंच नव्हतं.

पुढे हुकूमशहा सालाझारच्या राजवटीनं तर मुलींचा मार्ग आणखी अरुंद केला. सक्तीचं शिक्षण तीन वर्षांवर आलेलं होतं. १९३६ साली नियम निघाला की प्राथमिक शिक्षिकेला लग्न करायचं तर सरकारची परवानगी हवी आणि नवऱ्याची कमाई पुरेशी हवी. १९५६ साली सक्ती चार वर्षांची झाली, पण फक्त मुलग्यांसाठी. एकाच बाकावर बसू शकणाऱ्या भावाबहिणींत सरकारनं कायद्यानंच एका इयत्तेचं अंतर पाडलं! मुलींना ते चौथं वर्ष मिळायला १९६० उजाडलं. (गोवा तेव्हाही याच राजवटीखाली होता, तो मुक्त झाला पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात.)

[दृश्य: १९७०च्या जनगणनेचे आकडे]

त्या मुलींच्या वाट्याला काय आलं, ते इथं दिसतं. १९७० साली पोर्तुगालमध्ये सुमारे ३१ टक्के स्त्रिया निरक्षर होत्या, पुरुष सुमारे २० टक्के. स्वीडनमध्ये १९६२पासून मुलामुलींना सारखंच नऊ वर्षांचं शिक्षण लागू झालेलं होतं.

१९७४च्या क्रांतीनं ही राजवट उलथली, आणि त्यानंतर पोर्तुगालनं झपाट्यानं मजल मारली. आज दोन्ही देशांत प्राथमिक शाळेच्या पटावर जवळजवळ प्रत्येक मुलगी आहे, आणि पोर्तुगालच्या विद्यापीठांत मुलींची संख्या मुलग्यांहून जास्त आहे. २०२१च्या जनगणनेत तिथं निरक्षर उरले ३.१ टक्के. त्यांत सर्वाधिक आहेत म्हाताऱ्या बायका.