सैन्यातून निवृत्त झालेली स्विस रायफल : काय बघून घ्यावी, कशी चालवावी

मित्रहो, आज एकाच रायफलीबद्दल बोलायचं आहे. स्विस सैन्याची काराबिनर 31, नेमबाजांच्या बोलण्यात के-31. आधीच्या मॉडेलांचा उल्लेख येईल, पण तो खरेदीत फसगत होऊ नये एवढ्यापुरताच. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. सैन्याने ही रायफल सहसा खराब केलेली नसते. तिची वाट लागते ती नंतरच्या मालकांच्या हातून : घिसाडघाईची साफसफाई, भलतंच काडतूस आणि गरज नसताना फिरवलेले स्क्रू. म्हणून बघायला जाल तेव्हा लाकडावर वेळ घालवू नका. नळी बघा, बोल्ट बघा.

या घराण्याची सुरुवात 1889 च्या मॉडेलपासून होते. बोल्टची रचना कर्नल रुडोल्फ श्मिट यांची, काडतूस एदुआर्द रुबिन यांचं. त्या पहिल्या मॉडेलमध्ये बोल्टला कुलूप घालणारे दात मागच्या टोकाला होते. दाब पुढे आणि आधार मागे, म्हणजे मधला सगळा भाग तो ताण सोसणार. 1911 मध्ये जास्त दाबाचं आणि टोकदार गोळीचं जीपी-11 काडतूस आलं, तेव्हा सैन्याने रायफलीही बदलल्या. जुन्या 1889 ला ते काडतूस कधीच झेपणार नव्हतं. आज बाजारात दोन्ही रायफली शेजारी शेजारी मांडलेल्या असतात, हँडल दोघींचंही सरळ मागे ओढायचं असतं, आणि 7.5 मिलीमीटर हा आकडा दोघींनाही चिकटलेला असतो. 1889 मध्ये जीपी-11 घालायचं नाही. दुकानदार 'चालतं हो' म्हणाला तरी नाही. फ्रेंच सैन्याचं 7.5 मिलीमीटर काडतूस तर वेगळंच आहे, त्याचा इथे संबंधच नाही.

के-31 ही बर्नच्या सरकारी शस्त्र कारखान्यात, कर्नल आडोल्फ फुरर यांच्या देखरेखीखाली आकाराला आली. 1933 ते 1958 या काळात साधारण 5 लाख 28 हजार नग तयार झाले. फुररनी कुलपाचे दात बोल्टच्या पुढच्या टोकाला, काडतुसाच्या अगदी पाठीशी आणले. त्यामुळे रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो लोखंडी सांगाडा, आखूड झाला आणि जी लांबी वाचली ती नळीला मिळाली. आधीच्या 1911 च्या काराबिनरची नळी 592 मिलीमीटर, हिची 652, आणि तरीही दोन्ही रायफलींची एकूण लांबी जवळजवळ सारखीच, 1.1 मीटरच्या आसपास. वजन चार किलो. मॅगझिन सुटं होतं, त्यात सहा काडतुसं बसतात.

बोल्टचं काम नीट समजून घ्या, कारण चालवतानाच्या निम्म्या तक्रारी तिथेच सुरू होतात. नेहमीच्या रायफलीत हँडल वर उचलायचं, मागे ओढायचं, पुढे ढकलायचं, खाली पाडायचं. इथे फक्त मागे आणि पुढे. हँडल एका दांड्याला जोडलेलं असतं. त्या दांड्यावरचा खुंट बोल्टच्या बाहेरच्या नळकांड्यावर कोरलेल्या तिरक्या खाचेत फिरतो. ओढण्याच्या पहिल्या टप्प्यात नळकांडं गोल फिरतं, दात कुलपातून सुटतात, आणि मग सगळा बोल्ट मागे येतो. या रचनेत एक उणीव आहे. उचलायच्या हँडलला जी तरफेची ताकद मिळते, ज्यामुळे चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, चिकटलेली पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) आधी हळूच सैल होते, ती इथे फारच थोडी आहे. म्हणून हात जपून, हळू चालवला की पुंगळी अडकते. हँडल एका दमात, शेवटपर्यंत मागे ओढायचं आणि तसंच ठामपणे पुढे न्यायचं. अर्धवट पुढे नेलं तर दात पूर्ण फिरत नाहीत. मॅगझिन रिकामं झालं की त्यातली पट्टी बोल्टला मागेच अडवते. त्या वेळी हँडलवर जोर काढू नका. मॅगझिन काढा किंवा पट्टी बोटाने खाली दाबा, बोल्ट सरकेल.

मागच्या टोकाला जी कडी दिसते ती सुरक्षिततेची. ती मागे ओढून उजवीकडे फिरवली की चापही बंद आणि बोल्टही बंद. तिचा आणखी एक उपयोग आहे. चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर बोल्ट लगेच उघडायचा नाही. नळी निशाणाकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कारण काडतूस उशिरा पेटू शकतं. मग बोल्टला हात न लावता कडी सरळ मागे ओढली की स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर आघात करणारी सुई, पुन्हा ताणला जातो आणि दुसऱ्यांदा प्रयत्न करता येतो.

आता खरेदी. स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी ही सर्वांत कमी कटकटीची लष्करी रायफल आहे, कारण खेळासाठी वापरल्या जाणाऱ्या हातबोल्टच्या रायफलींना खरेदी परवाना लागत नाही. लेखी करार मात्र लागतो. विकणाऱ्याने तुमचं ओळखपत्र बघायचं, वय 18 पूर्ण असल्याची खात्री करायची, कराराची एक प्रत 30 दिवसांत कॅन्टनच्या, म्हणजे तिथल्या राज्याच्या, शस्त्र कार्यालयाला पाठवायची, आणि दोघांनीही आपापली प्रत 10 वर्षं सांभाळायची. झुरिक किंवा बाझेलला नोकरीनिमित्त गेलेल्या आपल्या मंडळींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ही सवलत सी परवाना, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांना आहे. बी, म्हणजे मुदतीच्या वास्तव्याच्या, परवान्यावर असाल तर या रायफलीलाही रीतसर खरेदी परवाना काढावा लागतो.

अमेरिकेत 50 वर्षांहून जुनी शस्त्रं संग्राहकांच्या वेगळ्या परवान्यावर थेट घरी मागवता येतात, आणि शेवटची के-31 सुद्धा त्या वयाची कधीच होऊन गेली. पण तिथे एच-1बी व्हिसावर असलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगताच येत नाही. अपवाद थोडे आहेत, त्यातला नेहमी लागू पडणारा म्हणजे वैध शिकार परवाना. मित्राने 'चल रेंजवर' म्हटलं म्हणून एच-1बी वाल्याने रायफल हातात घेणं हीसुद्धा गंभीर बाब ठरू शकते. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. शंका असेल तर वकिलाची फी द्या, ती स्वस्त पडेल. भारतात राहणाऱ्यांसाठी हा विषय माहितीपुरताच.

रायफल हातात आली की पहिलं काम, ती रिकामी आहे का हे स्वतः बघायचं. विकणाऱ्याने बघितलं असलं तरी. मॅगझिन काढा, त्याचा खटका मॅगझिनच्याच उजव्या अंगाला आहे. बोल्ट मागे ओढून चेंबरमध्ये बोट घाला. मग उजवीकडचा बोल्ट अडवणारा खटका दाबून बोल्ट पूर्ण बाहेर घ्या आणि नळी उजेडाकडे धरून मागच्या बाजूने बघा. गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या चार पीळदार खाचांच्या कडा तीक्ष्ण दिसल्या पाहिजेत. चेंबरजवळ थोडा काळपटपणा चालतो, तो साफ होतो. खड्डे चालत नाहीत.

त्यानंतर तोंडाकडची बाजू, आणि इथे वेळ घ्या. नळी तोंडाकडून सळई घालून साफ केली असेल तर सळई एका बाजूला घासून तोंडाचा गोलपणा गेलेला असतो. लष्करात दोरीने साफसफाई व्हायची, तिथेही दोरी तिरकी ओढली की तीच झीज. गोळी नळी सोडते त्या क्षणी तिला सगळीकडून सारखा आधार हवा. तो एका बाजूला कमी पडला की मागून निघणारा वायू आधी तिथून सुटतो आणि गोळीला कलंडवतो. अशी नळी आतून आरशासारखी चकाकत असली तरी निशाणावर गोळ्या विखुरतात. भिंगाने बघा : खाचा आणि उंचवटे तोंडापर्यंत चारही बाजूंनी सारखे पोचले पाहिजेत. जिवंत काडतुसाची गोळी तोंडात घालून झीज मोजायची एक वाईट सवय काही लोकांना आहे. ती करायची असेल तर दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) नसलेलं नकली काडतूस वापरा.

मग क्रमांक. रिसीव्हरवरचा क्रमांक आणि बोल्टवरचे अंक जुळले पाहिजेत. मॅगझिनही जुळलं तर उत्तम, नाही जुळलं तर फक्त किंमत थोडी कमी करून मागा. बोल्ट मात्र दुसऱ्या रायफलीचा असेल तर बंदूकसाजाकडून गेजने चेंबरची खोली मोजून घेतल्याशिवाय एकही बार काढू नका. 'पी' हा शिक्का दिसला तर बिचकू नका. सेवा संपल्यावर रायफल सैनिकाची खासगी मालमत्ता झाली, एवढाच त्याचा अर्थ.

लाकूड सुरुवातीला अक्रोडाचं, चाळिशीच्या उत्तरार्धापासून बीचचं. बीचचे दस्ते खालच्या टोकाला बहुतेक वेळा काळवंडलेले, ठेचलेले असतात. बार नेमका पडण्याशी त्याचा काही संबंध नाही. उलट घासून, पॉलिश मारून गुळगुळीत केलेला दस्ता दिसला तर सावध व्हा. लाकूड घासणाऱ्याने आणखी काय काय घासलं असेल सांगता येत नाही. कुंद्याच्या लोखंडी पट्टीखाली कधी कधी सैनिकाच्या नावाची आणि तुकडीची चिठ्ठी सापडते. दोन स्क्रू काढले की पट्टी निघते. स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणारा पेचकस नसेल तर ती उत्सुकता आवरा.

रिसीव्हर दस्त्यातून काढायचं कारण नसेल तर काढूच नका. काढलाच, तर रिसीव्हर आणि लाकूड यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची पातळ पट्टी आहे का बघा. ती कचरा समजून फेकली जाते आणि मग कालपर्यंत दहाच्या वर्तुळात बसणारी रायफल आज का भरकटते, हे कुणालाच कळत नाही. पुढचा स्क्रू आधी घट्ट, मागचा नंतर. आणि घट्ट म्हणजे मनगटाच्या जोराने, खांद्याच्या नव्हे.

काडतुसाच्या बाबतीत जीपी-11 ला तोड नाही. 11.3 ग्रॅमची गोळी, मागे निमुळती, वेग सेकंदाला साधारण 780 मीटर. रायफल या काडतुसासाठी बनली आणि नळीतला पीळही, 270 मिलीमीटरला एक फेरा, याच गोळीला साजेसा. अडचण एवढीच की त्याचा प्रायमर बर्डन पद्धतीचा, म्हणजे पुंगळी पुन्हा भरणं जिकिरीचं. घरी काडतुसं भरणाऱ्यांनी सर्बियाच्या प्र्वी पार्तिझान कंपनीची, सहज पुन्हा भरता येणाऱ्या बॉक्सर प्रायमरची काडतुसं घ्यावीत आणि पुंगळ्या जपाव्यात. भरताना एक धोका कायम असतो. के-31 मध्ये चेंबरपुढची मोकळी जागा फार आखूड आहे. जीपी-11 ची गोळी लांब, सडपातळ नाकाची, म्हणून ती त्यात मावते. जाड खांद्याची गोळी त्याच एकूण लांबीला बसवली तर ती थेट खाचांवर जाऊन टेकते. बोल्ट जड जातो, आपण जोर लावतो, दाब वाढतो. आणि बार न काढता बोल्ट उघडला तर गोळी नळीत रुतून राहते, पुंगळी एकटी बाहेर येते आणि दारू यंत्रात सांडते. म्हणून नव्या प्रकारची गोळी घेतली की आधी दारूविना नकली काडतूस बनवून चेंबरमध्ये बसवून बघा, आणि खाचांचे ओरखडे गोळीवर दिसले तर ती आणखी आत बसवा.

रेंजवर पहिल्या दिवशी डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण. पुंगळी वरच्या अंगाला उडते, टोपीच्या कडेखाली अडकून कपाळाला चटका देते. याच कारणाने रिसीव्हरच्या बरोबर वर दुर्बीण बसवता येत नाही. दुर्बिणीचे माउंट डावीकडे सरकवलेले असतात. चाप दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा लांब आणि हलका, मग एक स्पष्ट अडथळा लागतो. तिथे थांबायचं, श्वास अर्धा सोडायचा, नेम पुन्हा तपासायचा आणि तेवढाच अडथळा पार करायचा. एका झटक्यात दोन्ही टप्पे ओढणाऱ्याला या चापाचा काहीच फायदा मिळत नाही.

मागची साइट 100 ते 1500 मीटरपर्यंत सरकते. स्विस रेंजचं नेहमीचं अंतर 300 मीटर, तिथल्या निशाणावर दहाचं वर्तुळ 10 सेंटीमीटरचं. नेम काळ्या वर्तुळाच्या बरोबर खाली धरायचा, माशीच्या, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरच्या साइटच्या, वर पांढऱ्याची बारीक रेघ ठेवून. सगळ्या गोळ्या एकाच बाजूला पण जवळजवळ पडत असतील तर माशी सरकवा, आणि ती गोळ्या जिथे पडतात त्याच बाजूला. माशी आणि मागची खाच यांत साधारण 57 सेंटीमीटर अंतर आहे, म्हणजे माशी 1 मिलीमीटर हलली की 300 मीटरवर गोळी अर्धा मीटर हलते. हातोडीने ठोकून हे काम होत नाही. त्यासाठी स्क्रूने ढकलणारं छोटं हत्यार मिळतं, बहुतेक क्लबांत असतंच. पण निदान दहा गोळ्यांचा पुंजका बघितल्याशिवाय माशीला हात लावायचा नाही.

दरवर्षी स्वित्झर्लंडभर फेल्डशीसन हा नेमबाजीचा मेळा भरतो, त्यात ही रायफल अजूनही दिसते. 18 गोळ्या, पैकीच्या पैकी 72 गुण. आधी सहा एकेक गोळ्या, प्रत्येकीला मिनिटभर. मग मिनिटात तीन, असं दोनदा. शेवटी एका मिनिटात सहा. या शेवटच्या सहा म्हणजे बरोबर एक मॅगझिन. घाईने अर्धा ओढलेला बोल्ट इथेच दगा देतो, म्हणून घरी रिकाम्या रायफलीवर, नकली काडतुसं घालून, खांद्यावरून दस्ता न हलवता बोल्ट चालवायचा सराव करा.

साफसफाई मागच्या बाजूनेच, सळईला मार्गदर्शक नळी लावून. आधी ओला चिंधा, मग कोरडे, शेवटी तेलाचा हलका हात. बोल्टच्या तिरक्या खाचेत आणि दातांवर ग्रीसचा पातळ थर हवा. थापलं तर धूळ धरतं आणि थंडीत हँडल जड होतं. पुढच्या वेळी बार काढण्याआधी नळी कोरडी पुसा, नाहीतर पहिली गोळी वेगळीकडेच जाते.

रेंजवर सवलतीत घेतलेली काडतुसं तिथेच संपवायची असतात. घरून आणलेली घरी न्यायची तर रायफल आणि काडतुसं वेगवेगळी ठेवून, आणि मॅगझिनमध्ये एकही काडतूस नसताना. हा कायदाच आहे. ट्रेनमध्ये रायफल पिशवीत आणि बोल्ट काढून वेगळा ठेवला की शेजारचा प्रवासीही निवांत बसतो.