हेड उघडण्याआधी

श्रोते हो, नमस्कार.

यांत्रिक होड्यांना 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारीची बंदी असते. ती संपत आली की दिवाळे, सारसोळे, करावे, वाशीगाव अशा ठाणे खाडीकाठच्या गावांत ताडपत्रीखालची इंजिनं बाहेर निघतात. नारळी पौर्णिमेआधी एकदा चालवून बघायची असतात. तेव्हा कुणीतरी नाखवा हमखास म्हणतो, "जुनं इंजिन घेतलं. चालू होतं, पण धूर टाकतं आणि अर्ध्या तासात तापतं." शेजारच्या मिस्त्रीचा निकाल तयारच असतो: पिस्टनवरच्या रिंगा गेल्या, बोअर करायला, म्हणजे सिलिंडर आतून कापून घ्यायला लागेल.

असेलही तसं. पण धूर आणि ताप या दोन तक्रारी जोडीनं आल्या, तर पहिला संशय इंजिनाच्या पोटावर घेऊ नये असं माझं मत आहे. आधी बाहेरचं बघावं: होडी ढकलणाऱ्या पंख्यावरचा बोजा, धुराची वाट, पाणी आणि हवा. हे तपासायला पाने लागतात, वेळ लागतो, पैसे फारसे लागत नाहीत.

असं का म्हणतो ते सांगतो. साध्या डिझेल इंजिनात हवा कमी-जास्त करायची सोय नसते. सिलिंडरमध्ये दर वेळी मावेल तेवढी हवा येते, बदलतं ते फक्त डिझेल. ते किती सोडायचं हे गव्हर्नर ठरवतो. बोजा वाढून इंजिनाचे फेरे पडले की गव्हर्नर डिझेल वाढवतो. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, मग सगळं नीट जळत नाही, काजळी होते, धूर काळा पडतो. आता उष्णतेचा हिशेब बघा. जळलेल्या डिझेलच्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्सा पंखा फिरवायला मिळतो. उरलेले दोन हिस्से धुरावाटे आणि पाण्यावाटे बाहेर जायला हवेत. डिझेल वाढलं की तेही वाढतात. म्हणजे धूर आणि ताप हे पुष्कळदा एकाच दुखण्याचे दोन तोंडवळे असतात.

धुराचा रंग तुम्हाला माहीत असेल, तरी भरभर सांगून टाकतो. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. पण रिंगांना दोष द्यायच्या आधी डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची सळी बघा, ऑईल खुणेच्या वर भरलं असलं तरी निळा धूर येतो. पांढरा धूर दोन जातींचा असतो. डोळ्यांना झोंबणारा, डिझेलचा वास असलेला पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. थंड इंजिनात पहिली काही मिनिटं तो यायचाच. इंजिन गरम झाल्यावरही थांबला नाही तर डिझेलमध्ये पाणी, डिझेल फवारणारं नोझल खराब, डिझेल पडायचं टायमिंग चुकलेलं किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब कमी, यांपैकी काहीतरी आहे. दुसरा पांढरा धूर म्हणजे वाफ. तिला वास नसतो आणि ती हवेत लगेच विरते. धुराच्या पाइपात थंडाव्याचं पाणी सोडलेलं असेल तर थोडी वाफ दिसणं साहजिक आहे. तसं नसेल आणि डिपस्टिकवरचं ऑईल दुधाळ झालं असेल, तर पाणी आत शिरलंय. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, त्याखालचं गॅस्केट गेलं असेल किंवा हेडला चीर असेल. तेवढ्या एका बाबतीत मिस्त्रीचं लगेच ऐका आणि इंजिन पुन्हा चालू करू नका.

आता काळा धूर. खाडीतल्या इंजिनांची खरी कहाणी इथेच आहे.

इंजिन न्यूट्रलला चालवा. धूर नाही, गिअर टाकल्यावर मात्र काळा लोट, असं असेल तर बोजाकडे बघा. होडी दोन महिने काठाला पडून होती, बुडाला शेवाळ आणि कवचं धरलीत, ती घासली का? पंख्याच्या मुळाशी नायलॉनचं जाळं किंवा दोरी गुंडाळलीय का? इंजिन बंद ठेवून शाफ्ट, म्हणजे पंख्याचा दांडा, हातानं फिरवून पाहा. जड जात असेल तर ग्लँडची, म्हणजे शाफ्ट होडीबाहेर जातो तिथली पाणी अडवणारी पॅकिंग फार आवळलेली असते, नाहीतर इंजिन आणि शाफ्ट सरळ रेषेत नसतात. आणि पंखा? जुन्या इंजिनाबरोबर पुष्कळदा दुसऱ्याच कुठल्या इंजिनाचा मोठा पंखा येतो. मालक खूश असतो, कारण मोठ्या पंख्यानं होडी जास्त पळेल असं त्याला वाटतं. पण मिनिटाला 1500 फेऱ्यांचं इंजिन त्या पंख्यापायी 1100 वरच अडकलं, तर गव्हर्नर सतत पूर्ण डिझेल सोडत राहतो. फेरे मोजायचं छोटं डिजिटल यंत्र आता स्वस्तात मिळतं. एखाद्याकडून मागून आणा आणि पूर्ण लोडवर फेरे मोजा. रिंगांबद्दल तासभर वाद घालण्यापेक्षा हे बरं.

बोजा ठीक निघाला तर धुराची वाट बघायची. ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. पाइपात पाणी सोडलेलं असतं तिथे वाकणाच्या आत काजळी आणि मीठ मिळून टणक थर बसतो. बाहेरून वाकण धडधाकट दिसतं, आतलं भोक मात्र बोटाएवढं उरतं. जळलेला धूर पुरता बाहेर पडत नाही, सिलिंडरमध्येच थोडा राहतो, त्यामुळे ताज्या हवेला जागा कमी पडते. मग काळा धूर आणि तापलेलं हेड, दोन्ही एकदम. वाकण सोडवा, आत बॅटरी मारून बघा. होडीवर हे काम उघड्यावर करा. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, बंद केबिनमध्ये इंजिन चालवून तपासणी करायची नाही.

मग पाणी. ठाणे खाडीत ओहोटीला चिखल असतो आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या तर बारा महिने. पाणी ओढायच्या तोंडाला पिशवी चिकटली की काम संपलं. जाळी काढून धुवा, होज दाबून बघा. जुनी रबरी होज बाहेरून नवी दिसते, पण पंप ओढायला लागला की आतून चपटी होते. पंपाचं रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक, उघडा. त्याच्या पाकळ्या मोजा, आणि एखादी तुटलेली असेल तर तुकडा शोधून काढा. तो पुढच्या पाइपात किंवा ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाच्या, तोंडाशी अडकलेला असतो. नवं इंपेलर घालूनही ज्यांचं इंजिन तापत राहतं, त्यांच्याकडे बहुतेक हा तुकडा सापडतो.

खारं पाणी थेट ब्लॉकमधून फिरत असेल तर आणखी एक गोष्ट. पाणी फार गरम झालं की क्षार भिंतींवर बसायला लागतात. थर बसला की उष्णता पाण्याला मिळत नाही, मग आणखी गरम, आणखी थर. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरा. हात क्षणभरही ठरत नसेल तर पाणी साधारण 60 अंशांच्या वर आहे असं समजा. थर काढायला कुणी ॲसिड ओतायला निघालं, तर आधी ॲल्युमिनियमचे भाग कुठे कुठे आहेत ते विचारा. ॲसिड ते खाऊन टाकतं. आणि तापलेल्या इंजिनावर बादलीभर थंड पाणी कधीही मारू नका. हेड तडकतं.

शेतातल्या पंपाचं हवेवर थंड होणारं इंजिन होडीत बसवणारेही आहेत. पावसापासून वाचवायला त्यावर पेटी करतात, आणि तीच इंजिनाला गुदमरवते. फिन्सवरून, म्हणजे इंजिनावरच्या थंडाव्याच्या पट्ट्यांवरून गेलेली गरम हवा पेटीतच फिरते आणि तीच पुन्हा आत ओढली जाते. 30 अंशांची हवा 60 अंशांची झाली की तेवढ्याच जागेतलं तिचं वजन सुमारे 9 टक्क्यांनी घटतं. म्हणजे ऑक्सिजन कमी आणि थंडावाही कमी. पेटीचं झाकण काढून पूर्ण लोडवर चालवा, धूर हलका झाला तर पेटीला गार हवेची वाट आणि गरम हवेची वेगळी वाट करा. फिन्समधला ऑईल आणि धुळीचा लगदा खरवडून काढा. एअर फिल्टरही इथेच बघून घ्या.

हे सगळं होऊनही धूर काळाच असेल, तर डिझेलचा भाग. नोझल डिझेलचे पंप दुरुस्त करणाऱ्याकडे देऊन तपासून घ्या. इंजिनाचा डिझेलचा पंप कधी उघडला होता का, हेही विकणाऱ्याला विचारा. पंपाखाली शिमा, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. त्या वाढल्या की पंप त्याला चालवणाऱ्या कॅमपासून लांब जातो आणि डिझेल उशिरा पडतं. उशिरा पडलेलं डिझेल धुराच्या पाइपात जळतं, मग पाइप लालबुंद आणि ताकद कमी. पंप बसवताना कुणी अंदाजानं एखादी शिम जास्त घातली, तर सगळा घोळ तिथून सुरू होतो.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. नोझल बाहेर काढून हँडल मारताना फवाऱ्यासमोर हात नेऊ नका. दाब साधारण 200 बार असतो, गाडीच्या टायरमधल्या हवेच्या 80-90 पट. डिझेल कातडीतून आत शिरतं. जखम सुई टोचल्याएवढी दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं, आणि डॉक्टरांना डिझेल दाबानं आत गेलंय असं स्पष्ट सांगायचं.

ज्यांनी अजून इंजिन घेतलं नाही, त्यांच्यासाठी थोडंसं. विकणाऱ्याकडे गेलात की बोलण्याआधी ब्लॉकला हात लावा. गरम असेल तर तुमच्या येण्याआधी चालवून ठेवलंय, थंड इंजिन कसं उचलतं हे त्याला दाखवायचं नाही. उद्या येतो म्हणा. ऑईल बोटांवर घेऊन पाहा. वाजवीपेक्षा जाड असेल तर झिजलेल्या रिंगांचा धूर दाबायला ते घातलेलं असू शकतं. आणि इंजिन चालू असताना ऑईलचं झाकण सैल करा. ठोक्यागणिक धूर उसळत असेल तर ते बोअरचं काम आहे.

झिजलेलं इंजिन कधी कधी स्वतःचंच ऑईल पिऊन सुसाट सुटतं, डिझेल बंद केलं तरी थांबत नाही. तेव्हा हवेचं तोंड फळीनं दाबून बंद करायचं. हाताच्या तळव्यानं नाही. सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकंप्रेशन लिव्हर असेल तर तो उचला, आणि समोर उभे राहू नका.

दुरुस्ती झाली की चाचणी भरतीला घ्या, म्हणजे चिखल ओढला जाणार नाही. धक्क्याजवळच अर्धा तास पूर्ण लोडवर चालवा. दर पाच मिनिटांनी बाहेरच्या पाण्याखाली हात धरा, धुराचा रंग बघा, फेरे मोजा. परत आल्यावर एकदम बंद न करता दोन-चार मिनिटं न्यूट्रलला हळू चालू ठेवा. बूड स्वच्छ, पंखा योग्य, वाकण मोकळं, पाणी भरपूर, हवा गार, नोझल तपासलेलं, आणि तरीही धूर पुन्हा काळा झाला, तर मिस्त्रीला हेडचे नट सोडायला सांगा.