पहिल्या चोवीस तासांतली न्यायव्यवस्था

(फौजदारी न्यायप्रक्रियेवरील जाहीर व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

न्यायव्यवस्था म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सर्वोच्च न्यायालयाचा घुमट येतो, घटनापीठे येतात आणि शेकडो पानांची निकालपत्रे येतात. मी आज त्याविषयी बोलणार नाही. अटक झालेला माणूस पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यांसमोर उभा राहतो ती काही मिनिटे हा माझा विषय आहे, कारण देशातल्या बहुसंख्य आरोपींची न्यायव्यवस्थेशी पहिली गाठ तिथे पडते आणि पुढच्या कित्येक महिन्यांचे भवितव्यही बऱ्याच अंशी तिथेच ठरते.

राज्यघटनेच्या 22 व्या अनुच्छेदाने दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या आहेत. अटकेची कारणे आरोपीला सांगितली पाहिजेत आणि त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे, ही पहिली. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला जवळच्या दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले पाहिजे, ही दुसरी. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 58 मध्येही हीच चोवीस तासांची मर्यादा आहे. कागदावर हा नियम निर्दोष आहे. प्रत्यक्षात वाद होतो तो घड्याळ कधी सुरू झाले यावर. सकाळी ‘चौकशीसाठी’ म्हणून बोलावून घेतलेल्या माणसाची अटक संध्याकाळी नोंदवली गेली, तर मधले तास कोणत्याच हिशेबात येत नाहीत. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली अटकेच्या वेळीच पंचनामा करून त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी आणि तारीख-वेळ लिहावी असे घालून दिले, ते याच पळवाटेसाठी. त्या कागदावरची वेळ वाचणे हे वकिलाचे पहिले काम असते आणि खरे तर दंडाधिकाऱ्यांचेही.

आता प्रत्यक्ष रिमांडकडे, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवण्याच्या आदेशाकडे येऊ. तपास अधिकारी रिमांड यादी, म्हणजे कोठडी मागणारा अर्ज, सादर करतात, सरकारी अभियोक्ता पोलीस कोठडीची मागणी करतात आणि दंडाधिकारी आदेश देतात. सुट्टीचा दिवस असेल तर हे सगळे दंडाधिकाऱ्यांच्या निवासस्थानीही होते. त्या दिवशी हजर केलेले आरोपी जास्त असले की एकेका आरोपीच्या वाट्याला फार थोडा वेळ येतो. त्या थोड्या वेळात न्यायाधीशाने विचारायचे प्रश्न मात्र थोडे नाहीत: अटकेची गरज होती का, कारणे सांगितली का, नातेवाइकांना कळवले का, मारहाणीची तक्रार आहे का, वकील आहे का. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटक आपोआप करू नये, आणि दंडाधिकाऱ्यांनीही कारणे न नोंदवता कोठडी देऊ नये, असे 2014 च्या अर्नेश कुमार निकालाने बजावले. न ऐकल्यास पोलिसांवर आणि दंडाधिकाऱ्यांवरही खातेनिहाय कारवाईची तरतूद त्यात आहे. एवढा स्पष्ट इशारा क्वचितच एखाद्या निकालात सापडतो. तरीही रिमांडच्या आदेशांत ‘तपास प्राथमिक टप्प्यात आहे’ हे ठोकळेबाज वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे की त्याचा छापील शिक्का करून ठेवला तरी चालेल.

वकिलाचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण सगळ्यात जास्त बोलण्यासारखे तिथेच आहे. भागलपूरच्या कैद्यांना आंधळे केल्याच्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या खत्री खटल्यात 1980 साली सर्वोच्च न्यायालयासमोर अशी बाब आली, की आरोपींना वकील दिले गेले नव्हते, कारण त्यांच्यापैकी कोणी मागितलेच नव्हते. न्यायालयाने ते उत्तर मान्य केले नाही. ज्याला हक्क ठाऊकच नाही तो मागणार कसा, असा त्यामागचा साधा विचार आहे. आरोपीला पहिल्यांदा हजर केले जाते तेव्हापासून मोफत वकिलाचा हक्क सुरू होतो, तो त्याला सांगणे हे दंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे आणि पैशांची अडचण ही शासनाची सबब होऊ शकत नाही, असे त्या निकालाने ठरवले. पुढे 2012 साली, मुंबईवरील हल्ल्यातील अजमल कसाबच्या अपिलाचा निकाल देताना, न्यायालयाने हे कर्तव्य देशातल्या प्रत्येक दंडाधिकाऱ्याला पुन्हा लागू केले आणि ते न पाळणाऱ्यावर कारवाई होऊ शकेल असेही म्हटले. ज्याच्याविषयी समाजात सर्वाधिक चीड होती त्याच्या खटल्यातून सर्वांचा हक्क पक्का झाला, हे मला नेहमी विचार करण्यासारखे वाटते.

अनेकांना, अगदी शिकल्यासवरल्यांनाही, एक गोष्ट ठाऊक नसते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे जो कोठडीत आहे त्याला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही ती नाही. तालुका पातळीपर्यंत विधी सेवा समित्या आहेत आणि 2022 पासून अनेक जिल्ह्यांत आरोपींची बाजू मोफत मांडण्याचे पूर्णवेळ काम करणाऱ्या वकिलांची लोकअभिरक्षक कार्यालये सुरू झाली आहेत. पूर्वी ज्या वकिलाची नेमणूक व्हायची तो आपली इतर कामे सांभाळून येत असे, आणि रिमांडच्या वेळी तो दुसऱ्याच कोर्टात अडकलेला असणे ही नेहमीची गोष्ट होती. नव्या पद्धतीत निदान तेवढे कारण उरत नाही. मात्र अडचण कायम आहे ती भेटीच्या वेळेची: कोर्टाच्या व्हरांड्यात, बंदोबस्तावरच्या शिपायाच्या कानावर पडेल अशा अंतरावर, आरोपी वकिलाला खरे सांगेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

नव्या संहितेने आणखी एक बदल केला आहे. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांचीच राहिली, पण ती आता पहिल्या पंधरा दिवसांत सलग घेण्याऐवजी गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी घेता येते. म्हणजे न्यायालयीन कोठडीत, अर्थात तुरुंगात, गेलेला माणूस पुन्हा पोलिसांच्या ताब्यात येऊ शकतो. ‘अजून कोठडीचे दिवस शिल्लक आहेत’ हे जामिनाला विरोध करण्याचे नवे कारण होईल, अशी माझी भीती आहे.

जामीन मंजूर झाला की सुटका झाली, असा समज आहे. तो चुकीचा आहे. मोती राम नावाच्या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला असता खालच्या न्यायालयाने 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाचा जामीन नाकारला, का, तर भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. 1978 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा आदेश बाजूला सारून त्याला 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच हमीवर, सोडले. आजही सातबारा, ऐपतीचा दाखला आणि स्थानिक जामीनदार यांच्या शोधात मंजूर झालेले जामीन कागदावरच पडून राहतात. 2022 अखेरच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे तुरुंगांतील 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 म्हणजे सुमारे 76 टक्के कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, होते. ते सगळेच जामिनाअभावी आत होते असे नाही, पण तसे बरेच होते हे कोणताही तुरुंगभेट देणारा वकील सांगेल.

यावर सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी दिलेले आदेश अगदी व्यवहाराच्या पातळीवरचे आहेत. जामीन आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकांना ई-मेलने जावी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर न्यायालय आपणहून अट सैल करण्याचा विचार करू शकते. अधीक्षकांनी सचिवांना कळवलेल्यांत नाव आहे का, हे आपल्या ओळखीच्या कोणासाठी विचारायचे झाले, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा कार्यालयात जाता येते आणि 15100 हा दूरध्वनी क्रमांकही त्यासाठी आहे. नाव सांगताना गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे आणि जामीन आदेशाची तारीख हाताशी ठेवावी. या तीन गोष्टी नसल्या की नातेवाइकांचा अर्धा दिवस त्या शोधण्यातच जातो.