तीन वर्षांची मुदत

बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय आपण बहुधा घाईत वाचतो, कारण मन पुढे सिंहांच्या गुहेकडे धावत असतं. आज मला त्या पहिल्या अध्यायातच थांबायचं आहे. दानीएल आणि त्याचे तीन सोबती, चार तरुण मुलं, बंदी होऊन घरापासून लांब, बाबेलात. त्यांची नावं बदलली गेली, त्यांना खास्दी, म्हणजे तिथल्या, लोकांची विद्या आणि भाषा शिकायला बसवलं, आणि त्या शिक्षणाची मुदत ठरली तीन वर्षं. कॉलेजमधल्या मुलामुलींमध्ये सेवा करणाऱ्यांनी हा आकडा कायम डोळ्यासमोर ठेवावा. आपल्या हातात एक मूल साधारण तेवढंच राहतं. त्यातून परीक्षा, सुट्ट्या आणि पहिल्या वर्षाचं बावरलेपण वजा करा. उरतं ते फार थोडं.

मी या सेवेत आलो तेव्हा मला हे कळत नव्हतं. मी तयारी करून बोलायचो, गाणी चांगली व्हायची, खोली भरायची. त्या दिवसांतली एक गोष्ट सांगतो. एका मुलाने सभा संपल्यावर दाराशी मला सांगितलं, "दादा, पुढच्या शुक्रवारी आईचं ऑपरेशन आहे." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, प्रार्थना करतो. पुढच्या शुक्रवारी तो आला, खुर्च्या लावू लागला. मी हसत विचारलं, "काय, घरी सगळे मजेत?" तो म्हणाला, "हो दादा." ऑपरेशन त्याच दिवशी सकाळी झालं होतं, हे मला रात्री दुसऱ्या मुलाकडून कळलं. त्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, पण त्यानंतर त्याने मला घरचं काही सांगितलं नाही.

तेव्हापासून मी एक वही ठेवतो. प्रत्येकाच्या नावापुढे दोनच गोष्टी: तो शेवटचं काय बोलला, आणि मी त्याला काय कबूल केलं. सभेला निघण्याआधी ती वही वाचून निघायचं. माझ्या प्रवचनाच्या टिपणांपेक्षा त्या वहीने जास्त काम केलं आहे, हे मी मनापासून सांगतो. आणि ती वही कुलपात राहते. मुलं विश्वासाने जे सांगतात ते प्रार्थनेची विनंती म्हणून चारचौघांत फिरवणं हे पाप आहे, दुसरा सौम्य शब्द मला सापडत नाही.

पुन्हा उठल्यावर अम्माऊस गावाच्या वाटेवर प्रभू येशूने काय केलं पाहा. त्याच्या मरणाने खिन्न झालेले त्याचे दोन शिष्य चालले होते. तो त्यांच्याबरोबर चालू लागला आणि आधी विचारलं, तुम्ही आपसात काय बोलत आहात? त्याला सगळं ठाऊक होतं, तरी त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं, आणि मग शास्त्र उलगडलं. आपण नेमकं उलटं करतो. मुलगी विचारते, "देव आहे तर माझ्या बहिणीला हा आजार का?" आणि आपण तिसऱ्या वाक्यालाच वचन काढून देतो. तिचा प्रश्न अजून पुरता बाहेरही आलेला नसतो. शंका म्हणजे बंड, असं धरून चालू नका. येशूच्या जखमा पाहिल्याशिवाय तो उठला हे मानणार नाही, अशी शिष्य थोमाने अट घातली, तरी आठ दिवसांनी तो शिष्यांबरोबरच होता. त्यांनी त्याला बाहेर काढलं नव्हतं, म्हणून तो तिथे होता. कुणी नीट झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर प्रार्थना कराच, पण त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे घेऊन जा.

अभ्यासाचंही बोललं पाहिजे. दानीएल आणि त्याचे सोबती विद्येत इतरांपेक्षा दसपट सरस ठरले, असं शास्त्र सांगतं. प्रॅक्टिकल बुडवून प्रार्थनासभेला येणाऱ्या मुलाचं आपण कौतुक करतो, तेव्हा त्याच्या आईवडिलांचा आणि शिक्षकांचा आपल्यावरचा विश्वास आपणच घालवतो. परीक्षेच्या आठवड्यात सभा बंद ठेवा.

आता सगळ्यात अवघड भाग. काम मुलांच्या हाती द्या. १८०६ साली अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रार्थनेसाठी जमले असताना वादळ आलं, आणि त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला. जगभर सुवार्ता नेण्याचं तिथेच त्यांच्या मनाने घेतलं. त्या गंजीखाली एकही पगारी सेवक नव्हता. चार वर्षांत, १८१० साली, त्यातून अमेरिकन बोर्ड ही मिशनसंस्था उभी राहिली, आणि १८१३ साली त्याच कॉलेजात शिकलेले गॉर्डन हॉल हे सॅम्युएल नॉट यांच्यासह मुंबईत उतरले. महाराष्ट्रात काम केलेल्या आपल्या मराठी मिशनचं मूळ शोधत गेलं, तर हाताला विद्यार्थीच लागतात.

मग आपण मुलांना फक्त खुर्च्या लावायला का ठेवतो? प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलं, माझ्याकडून ऐकलंस ते विश्वासू माणसांना सोपव, म्हणजे ती इतरांना शिकवतील. एका वाक्यात चार पिढ्या: पौल, तीमथ्य, ती विश्वासू माणसं आणि इतर. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला बायबल अभ्यास घ्यायला सांगा. आदल्या दिवशी तिच्याबरोबर तो उतारा वाचा, आणि सभेत मागे बसा. ती अडखळेल, मधे शांतता पसरेल. तुमच्या जिभेवर उत्तर असेल. बोलू नका. मला हे जमायला बरीच वर्षं लागली, अजूनही पूर्ण जमत नाही. पण त्या शांततेत कोपऱ्यातला एखादा मुलगा पहिल्यांदा तोंड उघडतो, ते मी अनेकदा पाहिलं आहे.

पैशाचा हिशेबही त्यांच्यासमोर मांडा, शक्य तर त्यांनाच ठेवू द्या. एकट्या विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला भेटायचं तर चार माणसांच्या नजरेत भेटा. आणि इतर धर्मांचे मित्र सभेला आले, तर त्यांच्यापासून काही लपवू नका, त्यांच्यावर कसला दबावही आणू नका.

शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी एक काम मात्र आपणच करायचं. मूल नोकरीला नव्या शहरात जाणार असेल, तर त्याला विचारून, निघण्याच्या पंधरा दिवस आधी तिथल्या मंडळीच्या पाळकांना फोन करा. नुसता पत्ता देऊन भागत नाही. पहिल्या रविवारी उपासनेनंतर त्याला जेवायला कुणाच्या घरी जायचं आहे, ते नाव त्याच्या हातात द्या, आणि सोमवारी त्याला फोन करून विचारा, "गेला होतास का?"